एक चित्रपट, चार कात्रणे

एकच चित्रपट, पण दैनिकात त्याचा निकाल एक, साप्ताहिकात दुसरा आणि धंद्याच्या पत्रकात तिसराच! असे का होते? नंदुरबारमधल्या एका जुन्या कात्रणवहीच्या निमित्ताने चित्रपट-परीक्षणाच्या निरनिराळ्या तऱ्हांचा हा मागोवा.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक वही खाली आली. हजेरीपटासारखी लांबट, जाड पुठ्ठ्याची, पाठीला कापडी पट्टी लावलेली. धूळ झटकून उघडली, तर आत वर्तमानपत्रांची पिवळी पडलेली कात्रणे, खळीने नीट चिकटवलेली. कडेला शाईच्या पेनाने तारखा आणि दोन-दोन ओळींची टिपणे. अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. ही माझ्या आत्याची वही.

आत्या नंदुरबारच्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. ऐन पंचविशीत तिला वैधव्य आले आणि ती माहेरी, म्हणजे आमच्या घरी, परत आली. तिला नाद दोनच. एक चहाचा आणि दुसरा सिनेमाचा. त्या काळी विधवा बाईने टॉकीजमध्ये जाऊन बसणे आमच्या गल्लीला फारसे रुचत नसे. मग आत्याने आपल्यापुरती तोड काढली. चित्रपट पाहायला मिळो न मिळो, त्याची परीक्षणे वाचायची आणि जपून ठेवायची. एका चित्रपटाला एक जोडपान. डावीकडे मराठी कात्रण, उजवीकडे हिंदी किंवा गुजराती. इंग्रजी मिळालेच, तर माझ्या वडिलांकडून अर्थ समजावून घेऊन तेही खाली.

ती वही त्या दिवशी मी दुपारभर चाळत बसलो. साफसफाई राहिली बाजूला. चारही कात्रणे एकाच चित्रपटाची आहेत, यावर विश्वास बसू नये इतकी ती वेगळी होती. कथानक तेच, नट तेच. पण एकात चित्रपट होता गाण्यांसाठी पाहावा असा, दुसऱ्यात तो समाजाला बिघडवणारा, तिसऱ्यात तंत्राच्या दृष्टीने एक पाऊल पुढे टाकणारा, तर चौथ्यात ‘मध्यंतरानंतर रेंगाळणारा’. खरे कोण बोलत होते? की चौघेही आपापल्या परीने खरेच बोलत होते?

चार दिशांची वर्तमानपत्रे

नंदुरबारसारख्या गावात अशी वही तयार व्हावी, यात नवल नाही. आजचा नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. त्याआधी आम्ही धुळे जिल्ह्यात होतो. पण जिल्हा कुठलाही असो, गावाचे तोंड चारी दिशांना. सुरत-भुसावळ हा ताप्ती खोऱ्याचा लोहमार्ग गावातून जातो. पश्चिमेला नवापूर लागते. तिथले रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत. उत्तरेला सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश. गावात कुणी अहिराणी बोलते, कुणी गुजराती, कुणी भिली. बाजाराच्या दिवशी पहाडातून उतरलेल्या माणसांची पावरी कानावर पडते.

साहजिकच वर्तमानपत्रेही चारी दिशांनी येत. सुरतेहून ‘गुजरातमित्र’, थेट १८६३ पासून चालत आलेले. नाशिकहून ‘गावकरी’. इंदूरहून ‘नई दुनिया’. मुंबईची दैनिके सगळ्यांत शेवटी आणि बहुतेक वेळा शिळी होऊन. आत्याच्या शाळेतल्या एका बाईंचे यजमान रेल्वेत होते. गाडीत सुटलेली वर्तमानपत्रे ते गोळा करून आणत आणि मग त्यांतली सिनेमाची पाने आमच्या घरी पोचत.

मुंबईच्या वाचकासमोर परीक्षण आले, तेव्हा चित्रपट जवळच्याच चित्रगृहात लागलेला असे. आज वाचले, उद्या पाहिला. आमच्याकडे चित्रपट यायचा काही महिन्यांनी, कधी वर्षाने, प्रिंटवर भरपूर ओरखडे घेऊन. म्हणजे परीक्षक ज्याच्यासाठी लिहीत होता तो वाचक आम्ही नव्हतोच. आम्ही दुसऱ्याचे पत्र वाचत होतो म्हणा ना! पण दुसऱ्याचे पत्र वाचताना लिहिणारा कोण आणि त्याने ते कुणाला लिहिले, हे जरा जास्तच स्वच्छ दिसते.

‘एकंदरीत’ची परंपरा

आधी आपल्या मराठी दैनिकांचे पाहू. वहीतली डावीकडची कात्रणे ओळीने वाचली की एक साचा दिसतो. आरंभीचा अर्धा मजकूर कथानकाचा. मग अभिनय, आधी नायक, मग नायिका, मग खलनायक, शेवटी ‘इतरांनी चोख साथ दिली आहे’. मग गाणी. संवादांना एक वाक्य. छायाचित्रणाला एकच विशेषण, बहुधा ‘नेत्रसुखद’. आणि अखेरचा परिच्छेद ‘एकंदरीत’ या शब्दाने सुरू होणारा.

या साच्याला हसणे सोपे आहे, पण तो आला कुठून हेही पाहिले पाहिजे. मराठी माणसाचा पहिला जीव नाटकावर. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तिथपासून आपण नट, संवाद आणि पदे यांच्यात रमलेले. चित्रपट आला १९१३ मध्ये, दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’बरोबर. त्याच्यावर लिहायची वेळ आली, तेव्हा हाताशी असलेले माप नाटकाचेच होते. कॅमेरा कुठे ठेवला, दृश्य कुठे तोडले, शांतता कुठे राखली, हे मोजायला त्या मापात खूणच नव्हती.

दुसरे कारण घरगुती आहे. दैनिक घरातले सगळे वाचतात. आजोबा वाचतात, सूनबाई वाचते, नववीतला मुलगा तर आधी सिनेमाचेच पान काढतो. या कुटुंबाला परीक्षकाकडून हवे असते ते एवढेच: मुलांना घेऊन जाता येईल का? तिकिटाचे पैसे वसूल होतील का? त्यासाठी कथानक सांगणे भाग पडते. तिसरी गोष्ट वेळेची. गुरुवारी किंवा शुक्रवारी खेळ पाहायचा, रात्री लिहायचे, सकाळी मजकूर जुळणीला. जागा चारशे शब्दांची; तीही ऐन वेळी जाहिरात आली की तीनशेवर येणार. अशा घाईत जो साचा हाताशी असेल तोच वापरला जातो. त्या चारशे शब्दांत कुणी एखादे खरे निरीक्षण बसवले, तर त्याला दाद द्यायला हवी. आत्या देत असे. अशा वाक्याखाली लाल पेन्सिलीची रेघ मारलेली आहे. पानेच्या पाने रेघेविना जातात आणि मग अचानक एखादी रेघ येते.

साप्ताहिकांची तऱ्हा निराळी. नाशिकच्या ‘गावकरी’चे ‘रसरंग’ आमच्या भागात आवडीने वाचले जाई. इसाक मुजावरांसारखा पत्रकार लिहू लागला की चित्रपटाच्या निमित्ताने मागची तीस वर्षे उलगडत. हा नट आधी कुणाकडे होता, हे गाणे मुळात कुणासाठी केले होते, ही कथा पूर्वी कुठल्या बोलपटात येऊन गेली होती. निकालापेक्षा माहिती मोठी. शिरीष कणेकर लिहायचे तेव्हा त्यात चित्रपटापेक्षा चित्रपट पाहणारा वेडा प्रेक्षकच अधिक असे, आणि वाचणाऱ्याला तो आपलाच आरसा वाटे. हिंदीत टाइम्स समूहाने १९६४ साली सुरू केलेल्या पाक्षिकाचे, म्हणजे ‘माधुरी’चे, संपादक अरविंद कुमार होते. घराघरांत जाणारा अंक काढतानाही नव्या धाटणीच्या चित्रपटांना त्यांनी जिव्हाळ्याने जागा दिली. ते नियतकालिक पुढे बंद पडले, पण वहीत त्याची पाने सर्वांत काळजीने चिकटवलेली आहेत.

बाबूरावांचा चाबूक

आत्याच्या वहीत नसलेले, पण या विषयात टाळता न येणारे नाव म्हणजे बाबूराव पटेल. १९३५ साली त्यांनी मुंबईतून ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक सुरू केले आणि पुढची पंचवीस वर्षे निर्मात्यांची झोप उडवली. बराचसा अंक ते स्वतःच लिहीत. चित्रपट पसंत पडला नाही, तर दिग्दर्शक, नट, नटीचे रूप, निर्मात्याची अक्कल, कशाचीही गय नसे. लोक अंक विकत घेत ते चित्रपट कसा आहे हे कळावे म्हणून थोडे, आणि बाबूराव आज कुणाला सोलतात ते पाहायला जास्त.

गंमत अशी, की बाबूरावांनी स्वतःही चित्रपट काढले. ‘द्रौपदी’ १९४४ मध्ये आणि ‘ग्वालन’ १९४६ मध्ये. दोन्हींत नायिका त्यांच्या पत्नी सुशीलाराणी. दोन्ही चालले नाहीत. इतरांना सांगणे आणि स्वतः करणे यांतले अंतर त्यांनाही चुकले नाही. त्याच काळातले दुसरे उदाहरण ख्वाजा अहमद अब्बास यांचे. ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये ते चित्रपटांवर लिहीत, मग स्वतःच पटकथा लिहू लागले. १९४१ चा ‘नया संसार’ त्यांच्या लेखणीतून उतरला, १९४६ चा ‘धरती के लाल’ त्यांनी दिग्दर्शित केला आणि पुढे राज कपूरच्या ‘आवारा’ची पटकथाही लिहिली. अब्बासांच्या परीक्षणात चाबूक नव्हता. हा चित्रपट देशाला काय सांगतो, हा प्रश्न होता. एकाच शहरात, एकाच काळात, एकाच भाषेत दोन परीक्षक. पण एकाचा वाचक तमाशा पाहायला आलेला आणि दुसऱ्याचा सभेला आलेला.

तेव्हाच्या परीक्षकांना मान किती होता, याची एक खूण सांगतो. १९५४ साली ‘फिल्मफेअर’ने पारितोषिके सुरू केली, तेव्हा त्यांना आधी नाव दिले ते ‘द क्लेअर्स’. हे नाव नटीचे नव्हते, निर्मात्याचेही नव्हते. क्लेअर मेंडोन्सा या ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या चित्रपट-समीक्षक होत्या.

‘सी’ सेंटरची भाषा

या सगळ्यांहून वेगळी एक जात आहे, जी सामान्य वाचकाच्या हाती सहसा पडत नाही. ती म्हणजे धंद्याची पत्रके. ‘ट्रेड गाइड’, ‘फिल्म इन्फर्मेशन’ ही त्यांतली ठळक नावे. वितरक आणि चित्रगृहांचे मालक हा त्यांचा वाचक. तिथे ‘अभिनय भावपूर्ण’ वगैरे भानगड नाही. चित्रपट कुठल्या भागात किती आठवडे चालेल, महिला प्रेक्षक येईल की नाही, मारामारी पिटातल्या प्रेक्षकाला पुरेल का, लांबी किती कापावी, असा रोखठोक हिशेब. मोठी शहरे ‘ए’ वर्गाची केंद्रे, मधली ‘बी’, लहान गावे ‘सी’. आमचे नंदुरबार त्यांच्या लेखी कुठल्या अक्षरात बसत असेल, ते वेगळे सांगायला नको.

आमच्या खानदेशाचा या धंद्याशी संबंध जवळचा. भुसावळ हे चित्रपट-वितरणाचे नावाजलेले केंद्र आणि सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन या वितरक-प्रदर्शकांच्या संघटनेचे ठाणे. त्यामुळे एखादे शिळे पत्रक टॉकीजच्या व्यवस्थापकाकडून आमच्या गल्लीपर्यंत यायचे. आत्याने त्यातले एक कात्रण चिकटवून कडेला लिहिले आहे: ‘यात चित्रपट कुठे आहे?’

पण धंद्याचा हिशेबही चुकतो. १५ ऑगस्ट १९७५ रोजी ‘शोले’ प्रदर्शित झाला, तेव्हा समीक्षकांचा सूर थंडच होता आणि धंद्यातल्या जाणकारांनीही तो पडला असे धरून चालले होते. पुढे मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षे चालला. वहीत ‘शोले’ची दोन कात्रणे आहेत. पहिल्याचा सूर तक्रारीचा. काही महिन्यांनंतरच्या दुसऱ्यात तोच चित्रपट ‘लोकांनी डोक्यावर घेतलेला’ म्हणून आलेला. चित्रपट तोच होता. बदलला होता तो समोरचा प्रेक्षक मोजायचा आकडा.

त्याच १९७५ सालचे पुढचे जोडपान मात्र कोरे आहे. वर नाव लिहिलेले, ‘जय संतोषी माँ’. खाली आत्याचे टिपण: ‘परीक्षण मिळाले नाही. बायका चपला दाराशी काढून आत बसल्या. मीही काढल्या.’ अल्प खर्चात काढलेला हा चित्रपट त्या वर्षीच्या सर्वांत यशस्वी चित्रपटांपैकी एक ठरला. लोक पडद्यावर फुले आणि नाणी टाकत. परीक्षकाच्या हाती नटाचे, गाण्याचे, कथानकाचे माप होते. दाराशी निघालेल्या चपला मोजायचे माप त्याच्याकडे नव्हते. विधवा म्हणून टॉकीजला न जाणारी माझी आत्या त्या दिवशी बिनबोभाट जाऊन आली होती, कारण देवाच्या चित्रपटाला कोण अडवणार?

दादा कोंडक्यांचेही तसेच. १९७१ च्या ‘सोंगाड्या’पासून त्यांचे चित्रपट ओळीने रौप्यमहोत्सवी झाले आणि त्या विक्रमाची नोंद गिनेस बुकात झाली. शहरी परीक्षकांनी द्वयर्थी संवादांवरून नाके मुरडली. गावाकडच्या प्रेक्षकाला त्यात आपला फटकळ, भोळा, सत्तेला चिमटा काढणारा माणूस दिसला. द्वयर्थी संवाद होते हे खरेच. पण नुसते तेवढे म्हटले की अर्धीच गोष्ट सांगितली जाते.

उशिरा कळलेला चित्रपट

दैनिकाला एक रात्र, साप्ताहिकाला चार-सहा दिवस. पण ज्याला वर्षे मिळतात तो कसा लिहितो? याचे मराठीतले उत्तम उदाहरण म्हणजे अरुण खोपकर यांचे ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ हे १९८५ चे पुस्तक. त्याला चित्रपटविषयक सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गुरुदत्तचा ‘कागज के फूल’ हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट १९५९ मध्ये आला आणि साफ पडला. त्यानंतर दिग्दर्शक म्हणून गुरुदत्तने कुठल्याच चित्रपटाला आपले नाव लावले नाही, आणि १९६४ मध्ये तो गेला. त्या वेळी ज्यांनी तो कंटाळवाणा ठरवला, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. खोपकरांनी मात्र प्रकाश कुठून येतो, माणूस चौकटीत कुठे उभा आहे, गाणे दृश्यात कसे मिसळते, हे धीराने पाहिले. निकाल देण्यापेक्षा पाहायला शिकवणे हे त्यांचे काम.

ही दृष्टी आली फिल्म सोसायट्यांच्या चळवळीतून. सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी १९४७ मध्ये कलकत्त्यात सोसायटी काढली. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. पुण्यात चित्रपट संग्रहालय आणि फिल्म इन्स्टिट्यूट यांनी मिळून रसास्वादाचे वर्ग चालवले. यातून मराठीत परीक्षणाऐवजी ‘रसग्रहण’ लिहिणारी पिढी घडली. गणेश मतकरींसारखे लेखक ही वाट पुढे नेत आहेत. तक्रार एकच. हे लेखन छोट्या नियतकालिकांत, दिवाळी अंकांत आणि पुस्तकांत राहिले. ज्या चारशे शब्दांवर लाखो घरे आपला रविवार ठरवतात, तिथे ते क्वचितच झिरपले.

परीक्षणाबाहेरचे

आता आमच्या जिल्ह्याचीच एक गोष्ट. १९९५ मध्ये आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा ‘अ नर्मदा डायरी’ हा माहितीपट आला. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणारी महाराष्ट्रातली ३३ गावे अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतली, म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली. त्यांत पहिल्यांदा पाणी शिरले ते मणिबेलीत. तिथली माणसे, त्यांची भाषा, त्यांची होळी, त्यांचे ‘हटणार नाही’ म्हणणे, हे सारे या माहितीपटात आहे. त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ‘फिल्मफेअर’ पारितोषिक मिळाले.

पण शुक्रवारच्या पानावर जागा मिळवायची, तर चित्रपट आधी चित्रगृहात लागावा लागतो. माहितीपट तिथे लागत नाही. म्हणजे ज्यात आमच्या जिल्ह्यातली माणसे स्वतःच्या नावाने, स्वतःच्या तोंडाने बोलतात, तो चित्रपट परीक्षणाच्या सगळ्या तऱ्हांच्या बाहेर. आत्याच्या वहीत त्याचे एकही कात्रण नाही. तिने तो पाहिला तो एका शाळेच्या वर्गात, खिडक्यांना चादरी लावून, प्रेक्षक पस्तीस-चाळीस. पडद्यावरच्या एका म्हातारीला पाहून मागच्या बाकावरून कुणीतरी तिचे नाव घेऊन ओरडले, असे ती सांगे. तिने तेवढेच लिहून ठेवले आहे. मला विचाराल तर वहीतले ते सर्वांत चांगले परीक्षण आहे.

शेजारच्या मालेगावातही असेच घडले. यंत्रमागाच्या त्या गावातल्या पोरांनी ‘मालेगाव के शोले’ काढला, व्हिडिओ पार्लरमध्ये दाखवला, गावाने पाहिला, हसला. मोठ्या वर्तमानपत्राच्या पानावर त्याला कोण विचारणार? मात्र त्या पोरांवर २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट झाला आणि अलीकडे ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट २०२४ साली टोरंटोच्या महोत्सवात गेला. त्यांच्यावरच्या चित्रपटावर जगभर लिहिले गेले. त्यांच्या चित्रपटावर मात्र गावानेच काय ते बोलून घेतले. आज अहिराणी गाण्यांना मोबाइलवर कोट्यवधी प्रेक्षक आहेत. त्यांची चिकित्सा करणारी लेखणी अजून दिसत नाही.

तारे मोजण्याचे दिवस

वही १९८० च्या दशकातच संपते. पुढे आले ते तारे. मुंबईच्या इंग्रजी दैनिकांनी रूढ केलेली ही पद्धत बघता बघता सगळ्यांनी उचलली. पाचपैकी तीन, पाचपैकी साडेतीन. वाचकाची सोय झाली हे नाकारता येत नाही. पण तारे दिसले की खालचा मजकूर वाचायची गरज वाटत नाही, आणि वाचला जात नाही म्हटल्यावर तो लिहिण्यात जीवही ओतला जात नाही. शिवाय तारे कापून पोस्टरवर चिकटवता येतात. ‘मध्यंतरानंतर रेंगाळतो’ हे वाक्य कुणी पोस्टरवर छापत नाही.

तरी तऱ्हा संपलेल्या नाहीत. २०१६ मध्ये ‘सैराट’ आला, तेव्हा धंद्याची पाने कोटींचे आकडे मोजत होती, महोत्सवांत रमणारे समीक्षक शेवटच्या निःशब्द दृश्याबद्दल लिहीत होते, वैचारिक पुरवण्यांत जातीची चर्चा होती आणि जिल्ह्याच्या पानावर मध्यरात्रीच्या खेळांच्या बातम्या होत्या. चौघांनी मिळून त्या चित्रपटाचे बरेचसे चित्र उभे केले. एकट्या कुणाला ते जमले नसते.

म्हणून वाटते, की परीक्षक चूक की बरोबर हा प्रश्न जरा बाजूला ठेवावा. तो कुणासाठी लिहितो, त्याला किती वेळ मिळाला, त्याच्या पानाखाली कुणाची जाहिरात आहे आणि त्याच्या हातातले माप कशाचे आहे, एवढे पाहिले की त्याचे म्हणणे कुठवर घ्यायचे ते आपले आपल्याला कळते.

वहीचे शेवटचे पान

वहीचे शेवटचे भरलेले जोडपान ‘उंबरठा’चे आहे. जब्बार पटेलांचा हा चित्रपट १९८२ चा. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा. त्यातली सुलभा घर आणि लहान मुलगी मागे ठेवून महिलाश्रमाची अधीक्षिका म्हणून जाते आणि परत येते, तेव्हा घर तिचे राहिलेले नसते. सुलभा झाली होती स्मिता पाटील. वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, त्यामुळे आम्हा खानदेशी लोकांना ती घरचीच वाटे.

नेमक्या त्याच सुमारास आत्याला धडगावकडच्या एका आश्रमशाळेत अधीक्षिकेची जागा चालून आली होती. सातपुड्याच्या पोटात, पावसाळ्यात रस्ता तुटणारा, एकटी बाई. घरात महिनाभर वाद चालू होता. वडिलांनी एक दिवस परीक्षणाचे कात्रण तिच्यापुढे धरले. त्या परीक्षकाने चित्रपटाला नावाजले होते, पण सुलभाच्या निर्णयाबद्दल शंका घेतली होती. घर मोडून समाजसेवा ती कसली, अशा अर्थाचे काहीतरी. “बघ, पेपरातही हेच लिहिलंय,” वडील म्हणाले. आत्याने कात्रण शांतपणे वाचले, खळ आणली आणि वहीत चिकटवले. शेजारी दुसरे चिकटवले, त्यात फक्त अभिनयाची स्तुती होती. तिसऱ्यात गाण्यांची.

चित्रपट आमच्या गावात आला आठवडाभरासाठी. आत्या दोनदा पाहून आली. या वेळी देवाचा आधार न घेता, सरळ तिकीट काढून. परत आल्यावर कुणाशी काही बोलली नाही. वहीत तिन्ही कात्रणांच्या खाली तिचे टिपण आहे:

‘तिघांनीही चित्रपट नीट पाहिला आहे. पण तिघांपैकी कुणालाही कुठे जायचे नव्हते.’

पुढच्या महिन्यात ती धडगावच्या बसमध्ये बसली. वडील तिला सोडायला स्टँडवर गेले होते, पण बस सुटेपर्यंत दोघे काही बोलले नाहीत, असे आई सांगायची. निवृत्त होईपर्यंत आत्या तिथेच राहिली. डोंगरातल्या त्या शाळेत वर्तमानपत्र आठवड्यातून एकदा यायचे. कात्रणे काढायला वेळ होत नसे आणि वही आमच्या माळ्यावर गेली.

ती आता माझ्या टेबलावर आहे. शेवटची काही पाने कोरी आहेत. धाकटी मुलगी परवा विचारत होती, की यात आपण पाहिलेल्या चित्रपटांबद्दल लिहिले तर चालेल का. मी म्हटले, चालेल. पण आधी चित्रपट पाहायचा, मग दोन वर्तमानपत्रांतले वाचायचे आणि मगच आपली ओळ लिहायची. ती म्हणाली, “आणि तारे?”

मी तिला लाल पेन्सिल दिली.